घरातील पर्यावरणपूरक सवयी: आठवणीवर सोपवाव्यात की व्यवस्थेवर?

घर थोडे पर्यावरणपूरक करावे असे मनात आले की सुरुवात कुठून करावी हा पहिला प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर देणाऱ्या याद्या बहुधा लांबलचक असतात. दिवे बंद करा, चार्जर काढून ठेवा, कापडी पिशवी न्या, ओला कचरा घरीच जिरवा, पाणी जपून वापरा. यातले काहीच चुकीचे नाही. परंतु सगळी कलमे एकाच मापाने मांडलेली असतात आणि ज्याला त्यातल्या दोन-तीनच गोष्टी निभावता येणार आहेत त्याची नेमकी तिथेच अडचण होते. म्हणून या आढाव्यात सवयींची तुलना दोन कसोट्यांवर केली आहे: त्या सवयीने प्रत्यक्षात किती वाचते आणि ती टिकवण्यासाठी रोज किती लक्षात ठेवावे लागते. आपले मत आधीच सांगून टाकलेले बरे. जे काम एकदाच्या व्यवस्थेने भागते ते आठवणीवर सोपवू नये आणि रोजच्या सवयींसाठी जी थोडीफार चिकाटी हाताशी असते ती गरम पाणी व अन्न यांच्यासाठी राखून ठेवावी.

दिवा, चार्जर आणि गरम पाणी

शाहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत अमेरिकेतील 505 जणांना, ऊर्जा वाचवण्यासाठी आपल्याला करता येण्याजोगी सर्वांत परिणामकारक गोष्ट कोणती, असे विचारले होते. निम्म्याहून अधिक लोकांनी दिवे बंद करण्यासारखे, म्हणजे वापर आवरण्याचे उपाय सांगितले. अधिक कार्यक्षम उपकरणांचे नाव घेणारे सुमारे 12 टक्केच निघाले. कारण उघड आहे. दिवा डोळ्यांना दिसतो, तर तापणारे पाणी भिंतीवरच्या टाकीत झाकलेले असते. हिशेब मात्र दिसण्यावर चालत नाही.

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी सुमारे 4.2 किलोज्यूल ऊर्जा लागते आणि विजेचे एक युनिट म्हणजे 3,600 किलोज्यूल. शॉवरमधून मिनिटाला 9 लिटर पाणी येते आणि ते 20 अंशांनी तापवलेले आहे असे धरले, तर स्नान आठ मिनिटांऐवजी पाच मिनिटांत आटोपल्यास 27 लिटर पाणी आणि सुमारे 0.6 युनिट वीज वाचते. तेवढ्या विजेवर 9 वॅटचे तेरा एलईडी दिवे प्रत्येकी पाच तास चालतात. चार्जरची कथा याहून गमतीची आहे. रिकामा चार्जर सॉकेटला लावून ठेवल्यास आधुनिक चार्जर 0.1 वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे वर्षभरात एक युनिटही नाही. हीच बचत स्नानातील तीन मिनिटे कमी केल्यास एका माणसाकडून दोन दिवसांच्या आत होते. चार्जर काढू नये असे मुळीच नाही, पण घरातल्यांना टोकण्यासाठी जेवढा धीर आणि जेवढी सद्भावना असते ती त्यावर खर्च करणे परवडणारे नाही.

याच ठिकाणी सवय आणि व्यवस्था यांची सरळ तुलना करता येते. मिनिटाला 9 लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरच्या जागी 6 लिटर सोडणारा शॉवर बसवला आणि स्नानाची वेळ आठ मिनिटेच ठेवली, तरी 24 लिटर पाणी वाचते. रोज तीन मिनिटे आवरते घेण्याचा निग्रह केला तर 27 लिटर. दोन्हींत फरक आहे तो तीन लिटरांचा. मात्र पहिला उपाय एकदा पाना फिरवून होतो आणि दुसरा घरातल्या प्रत्येकाला रोज सकाळी, तेही अर्धवट झोपेत, पाळावा लागतो. म्हणून मी निःसंकोचपणे पहिल्याच्या बाजूने आहे. त्यातही दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. धार फारच बारीक झाली तर माणसे शॉवरखाली जास्त वेळ रेंगाळतात आणि बचत गळून जाते. तसेच काही तत्काळ तापवणाऱ्या यंत्रांना किमान प्रवाह मिळाला नाही तर ती चालूच होत नाहीत. बादलीने स्नान करणाऱ्यांना हा सगळा खटाटोप लागू होत नाही, कारण बादलीचे माप आधीच ठरलेले असते. तीसुद्धा एक व्यवस्थाच आहे.

साठवणीच्या हीटरचे तापमान उतरवावे असा सल्लाही सर्रास दिला जातो, मात्र तो जपून घ्यावा. साठवलेले पाणी कोमट राहिले तर त्यात लीजिओनेला हे जिवाणू वाढू शकतात, म्हणून साठवणीच्या टाकीतील पाणी 60 अंशांच्या आसपास ठेवण्याची शिफारस केली जाते. तापमान कमी करण्यापेक्षा वापरले जाणारे पाणी कमी करणे अधिक सुरक्षित.

कपडे धुण्याच्या यंत्राबाबतही हाच न्याय लागू होतो. गरम पाण्याच्या धुण्यात विजेचा मोठा वाटा पाणी तापवण्यावर जातो, त्यामुळे नेहमीचा प्रोग्राम एकदाच थंड पाण्यावर लावून ठेवावा आणि गरम पाणी खरोखर मळलेल्या किंवा आजारी माणसाच्या कपड्यांपुरते ठेवावे. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्ससारखी काही उपकरणे ‘बंद’ असतानाही सतत 10 वॅट वीज ओढत असतील तर वर्षाकाठी सुमारे 88 युनिटे जातात. अशांसाठी एका बटणाने सगळे बंद होईल असा एक्स्टेंशन बोर्ड पुरेसा आहे.

झाकण

स्वयंपाकघरातील एक सवय मात्र व्यवस्थेने साधत नाही आणि तरीही घेण्याजोगी आहे. 25 अंशांचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला सुमारे 314 किलोज्यूल लागतात, पण त्याच पाण्याची पूर्ण वाफ व्हायला 2,260 किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून अधिक. उघड्या भांड्यातून निघून जाणारी वाफ ही अशी महागडी असते. शिवाय उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवून पाण्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ वाढते. झाकण ठेवणे आणि उकळी येताच आच बारीक करणे या दोन हालचालींची आठवण भांडेच करून देते, त्यामुळे ही सवय लवकर अंगवळणी पडते.

खतनिर्मिती आणि वाया न घालवणे

पर्यावरणपूरक घराची खूण म्हणून कंपोस्टची कुंडी आज बरीच लोकप्रिय आहे आणि तिचे गुण खरे आहेत. कचऱ्याच्या ढिगात हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 27 ते 30 पट अधिक उष्णता अडवतो. कुंडीत हवा खेळती राहिली तर हा वायू फारसा तयार होत नाही. पण कुंडी हे रोजचे काम आहे हे आधीच समजून घ्यावे. कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण 25 ते 30 भागांस एक असे राहायला हवे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की सालींच्या आणि उरल्यासुरल्या भाजीच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाचोळा, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा घालावा लागतो. दुर्गंधी आली तर कोरडा भाग कमी पडला किंवा हवा पोहोचत नाही. मुंग्या झाल्या आणि कुजणे थांबले तर ओल कमी पडली. मूठभर मिश्रण दाबल्यावर पिळून काढलेल्या स्पंजासारखे ओलसर लागावे, पाणी गळू नये. बंद पडणाऱ्या बहुतेक कुंड्या पहिल्या दुर्गंधीलाच बंद पडतात, कारण कोरडा पाचोळा आधीपासून साठवून ठेवलेला नसतो. पाचोळ्याचे पोते कुंडीच्या शेजारी ठेवायला जागा नसेल, तर कुंडी सुरू करण्याची घाई करू नये.

आता याच्याशेजारी अन्न वाया न घालवण्याची सवय ठेवून पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 साली जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे 60 टक्के घराघरांतून गेले. फेकलेल्या अन्नाचे खत केले की त्यातील पोषकद्रव्ये मातीत परततात, मात्र ते पिकवायला लागलेले पाणी, खत, इंधन आणि ते घरापर्यंत आणून थंड ठेवायला लागलेली वीज परत येत नाही. म्हणून परिणामाच्या कसोटीवर वाया न घालवणे निर्विवाद वरचढ ठरते. टिकवण्याच्या कसोटीवर मात्र चित्र उलटे आहे: कुंडी दिसते, तिचे फळ हाताला लागते, लहान मुलांना तिच्यात रस वाटतो, न वाया गेलेले अन्न कोणालाच दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे कौतुकही होत नाही.

यावर जमणारा उपाय साधा आहे. फ्रिजचा एक कप्पा, डोळ्यांच्या उंचीवरचा, ‘आधी संपवायचे’ म्हणून ठेवावा आणि अर्धे कापलेले, उरलेले किंवा लवकर खराब होणारे सर्व काही तिथेच जाईल असे करावे. खरेदीची यादी करण्याआधी तोच कप्पा पाहावा. दोन्ही करता आले तर उत्तमच, पण क्रम हाच असावा: आधी कप्पा, मग कुंडी. अन्यथा कुंडी ही फेकण्याची सोय होऊन बसते आणि ‘खतच तर होते आहे’ म्हणून भाजी जरा जास्तच आणली जाते.

नवी वस्तू आणि घरात असलेली वस्तू

पिशव्यांचा विषय थोडक्यात आटोपता येईल. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने सुती पिशवी एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येण्यासाठी 131 वेळा वापरावी लागते, असे दिसले. कागदी पिशवीसाठी हा आकडा 3 होता. या हिशेबात नद्या-समुद्रांत साचणाऱ्या प्लास्टिकचा उपद्रव धरलेला नाही, त्यामुळे यावरून प्लास्टिक चांगले असा निष्कर्ष कोणी काढू नये. निष्कर्ष इतकाच की घरात जी पिशवी आहे, मग ती कशाचीही असो, तीच पुन्हा पुन्हा वापरावी आणि दर समारंभात मिळणाऱ्या नव्या सुती पिशव्यांना नम्रपणे नकार द्यावा. हेच डबे, बाटल्या आणि ब्रश यांनाही लागू आहे. चांगले चालणारे प्लास्टिकचे डबे टाकून काचेचे आणणे ही पर्यावरणपूरक सवय नसून पर्यावरणपूरक दिसणारी खरेदी आहे.

जुन्या वस्तूला एक अपवाद मानावा लागतो, तो म्हणजे सतत वीज खाणाऱ्या उपकरणांचा. 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लागत असेल तर त्याच्या जागी 9 वॅटचा एलईडी लावल्याने वर्षाला सुमारे 93 युनिटे वाचतात, म्हणून तो फुटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

सगळे एकदम की एकेक करून

सवय 21 दिवसांत लागते असे ठामपणे सांगितले जाते, त्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या आणि 2010 साली छापून आलेल्या अभ्यासात, एखादी कृती आपोआप घडू लागायला लागणारा मध्यक काळ 66 दिवसांचा निघाला, आणि व्यक्तीनुसार व कृतीनुसार तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता. दिलासा देणारी बाब अशी की मधला एखादा दिवस चुकल्याने प्रगतीवर फारसा परिणाम झाला नाही. याचा घरगुती अर्थ सरळ आहे. एकाच वेळी सहा सवयी सुरू करणाऱ्याला सहाही पक्क्या होईपर्यंत दोन-अडीच महिने सहाही गोष्टींचे भान ठेवावे लागेल, आणि ते बहुतेकांना जमत नाही. व्यवस्थेचे बदल मात्र एका सुटीच्या दिवशी सगळे उरकता येतात, कारण त्यांत लावून घ्यायचे असे काही नसते. तेव्हा शॉवर, दिवे, यंत्राचा प्रोग्राम आणि एक्स्टेंशन बोर्ड एकदम. झाकण, फ्रिजचा कप्पा आणि कुंडी एकेक करून.

सवय कोणत्या तरी ठरलेल्या कृतीला बांधावी, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘पाणी वाचवायचे’ हा संकल्प झाला. ‘दात घासायला ब्रश तोंडात गेला की नळ बंद’ ही सवय होऊ शकते. आणि ती कोणाची, हे ठरवून घ्यावे. कचरा वेगळा करणे, पाचोळा आणणे, डबे धुऊन वाळवणे ही कामे बहुतेक घरांत न बोलता एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडतात, आणि ती व्यक्ती थकली की घराचा पर्यावरणपूरकपणाही थांबतो. ज्या सवयीचे श्रम वाटून घेता येत नाहीत, ती कितीही गुणाची असली तरी मी निवडीत खालच्या क्रमांकावर ठेवेन.

घर भाड्याचे असेल तर उपकरणे बदलण्याला मर्यादा येतात, पण शॉवरचे तोंड आणि दिवे निघताना काढून नेता येतात, म्हणून ते वगळू नयेत. घरात तान्हे बाळ किंवा आजारी माणूस असेल तर कुंडी वर्षभर पुढे ढकलण्यात काहीही वावगे नाही. फ्रिजचा कप्पा तेव्हाही चालतो. ज्यांना आपण काही साधले का हे पाहायचे असेल त्यांनी वहीत बरोबरच्या खुणा करत बसण्यापेक्षा दर महिन्याच्या एकाच तारखेला वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून ठेवावेत. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, कारण ऋतू बदलला की पाणी तापवण्याची आणि घर गार ठेवण्याची गरज बदलते आणि घट किंवा वाढ आपल्यामुळे झाली की हवेमुळे, हे कळेनासे होते. पाण्याचा आकडा रात्री निजताना आणि सकाळी नळ सोडण्यापूर्वी असा दोनदाही पाहावा. मधल्या वेळात कोणी पाणी वापरले नसताना तो सरकलेला दिसला तर कुठेतरी गळती आहे. एका थेंबाचे आकारमान पाव मिलिलिटर धरले तर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला 21 लिटरांहून अधिक पाणी घालवतो, आणि तो थांबवायला बहुधा एक नवा वायसर पुरतो.