पानिपत : आधी कादंबरी, मग शेजवलकर

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) ही कादंबरी आणि इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ ही दोन्ही पुस्तके वाचायची तर आधी कादंबरी घ्यावी. तिच्यात माणसे भेटतात. शेजवलकरांकडे नकाशा आणि हिशेब. उलट क्रमाने गेल्यास कादंबरीतले प्रत्येक भाषण संशयाने वाचले जाते.

कादंबरी सर्वात जोरकस उतरते ती उपासमारीच्या भागात. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी पानिपतच्या उत्तरेचा कुंजपुरा किल्ला घेतला, पण अफगाण बादशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. पुढे रसद पुरवणारे सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची आशा संपली. सोबत बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले; दाणावैरण पुरणार कशी? हा ताण पाटील पानापानांतून चढवत नेतात. मात्र मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब (सदाशिवराव भाऊ) यांना उजळवताना हात सैल सुटतो, संवाद भाषणबाजीकडे झुकतात.

शेजवलकरांची वाक्ये लांब आणि जुन्या वळणाची, त्यामुळे वेग येत नाही. मते ठाम असतात, क्वचित एकांगीही. त्यांना वाचताना उत्तर भारताचा नकाशा उघडा ठेवावा. पानिपत, कुंजपुरा, बागपत आणि दिल्ली यांवर खुणा केल्या की कोंडी लगेच उमगते.

‘भाऊसाहेबांची बखर’ शेवटी वाचावी, तीही भाषेसाठी. तिच्यातले आकडे मात्र पुरावा म्हणून कुठे उद्धृत करू नयेत. बखरकारांना फौजा फुगवायची सवयच होती.