अर्ध्यावर बंद पडलेल्या तीन अमेरिकन पोलीस मालिका: आधी कोणती बघावी?

बंद पडलेली मालिका बघायला घेण्याआधी ती कुठे थांबते ते विचारून घ्यावं. दहा-पंधरा तास दिल्यावर गोष्ट मधेच तुटली की फार चुटपुट लागते, आणि अमेरिकन नेटवर्कवरच्या (म्हणजे एनबीसी, फॉक्ससारख्या मोठ्या वाहिन्यांवरच्या) पोलीस मालिकांचं असं बऱ्याचदा झालंय. इथे तीन मालिका शेजारी ठेवल्या आहेत: ‘बूमटाउन’ (एनबीसी, २००२-०३, २४ भाग), ‘द शिकागो कोड’ (फॉक्स, २०११, १३ भाग) आणि ‘अवेक’ (एनबीसी, २०१२, १३ भाग). जाहिराती वगळल्या तर एक भाग साधारण ४२-४३ मिनिटांचा. तेरा भागांची मालिका नऊ-सव्वानऊ तासांत संपते, ‘बूमटाउन’ला सतरा तास धरा.

तिन्ही बंद का पडल्या हे थोडक्यात सांगायला हवं, कारण शेवट कसा आहे ते त्यावरच ठरतं. तेव्हा नेटवर्क सहसा आधी १३ भागांची ऑर्डर द्यायचं. प्रेक्षकांचे आकडे बरे आले तर आणखी ९ मागवायचं, मिळून २२. हे आकडे मुख्यतः १८ ते ४९ वयोगटाचे, कारण जाहिरातदार त्यांच्यासाठी पैसे मोजायचे. मे महिन्यात पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जाहिरातदारांपुढे मांडायचं असायचं, आणि त्याच सुमारास कात्री लागायची. ‘शिकागो कोड’ आणि ‘अवेक’ दोन्ही मे महिन्यातच गेल्या. तोवर सगळे भाग चित्रित होऊन गेले होते, त्यामुळे दोन्हींचा शेवटचा भाग निरोपाचा म्हणून लिहिलेला नाही. तरीही एक मालिका नीट मिटते आणि दुसरी नाही.

मिटते ती ‘द शिकागो कोड’. शहराची पहिली महिला पोलीस प्रमुख टेरेसा कोल्विन (जेनिफर बील्स) एका वजनदार नगरसेवकाच्या मागे लागते. हा रोनिन गिबन्स (डेलरॉय लिंडो) तिच्या नेमणुकीच्या वेळी तिच्याच बाजूने उभा होता, कारण ही बाई आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही असा त्याचा हिशेब होता. वॉर्ड, कंत्राटं, मतं, उपकारांची परतफेड: हे गणित मराठी वाचकाला कुणी समजावून सांगायला नको. टेरेसाचा जुना पार्टनर यारेक विसोकी (जेसन क्लार्क) हा डिटेक्टिव्ह रोजच्या केसेस बघता बघता तिचं हे गुप्त काम करतो. आठवड्याची केस आणि गिबन्सचा धागा असे दोन पदर आहेत, आणि तेराव्या भागात गिबन्सच्या धाग्याला खरंच शेवट मिळतो. बाकी काही पात्रं वाटेवर राहतात, पण मुख्य गोष्ट पुरी होते.

मालिकेचा कर्ता शॉन रायन याने हे चित्रीकरण खुद्द शिकागोत केलं, आणि उंचावरून धडधडत जाणारी लोकल, गल्ल्या, नदीवरचे पूल यांत ते दिसतं. भागांची नावंसुद्धा शहराच्या इतिहासातून उचलली आहेत: १८७१ च्या आगीच्या दंतकथेतली ओलिअरी बाईंची गाय, १९१९ च्या बेसबॉल सामन्यांत पैसे खाणारा ब्लॅक सॉक्स संघ. दोष सुरुवातीलाच जाणवतो. पहिल्या काही भागांत पात्रं पडद्यामागून स्वतःची माहिती सांगत बसतात आणि संवादांतही माहिती कोंबलेली आहे. पुढे ते आटोक्यात येतं. चौथ्या भागापर्यंत थांबा, मगच ठरवा. नावाच्या घोटाळ्यात मात्र पडू नका: २०१४ पासूनची ‘शिकागो पी.डी.’ पूर्णपणे वेगळी मालिका आहे.

‘अवेक’ची कल्पना तिन्हींत सगळ्यात धाडसी. डिटेक्टिव्ह मायकेल ब्रिटन (जेसन आयझॅक्स) याच्या गाडीला अपघात होतो. त्यानंतर तो एका जगात झोपतो आणि दुसऱ्यात जागा होतो. एकात बायको जिवंत आहे आणि मुलगा गेलेला, दुसऱ्यात मुलगा जिवंत आणि बायको गेलेली. प्रत्येक जगात त्याचा पार्टनर वेगळा आणि मानसोपचारतज्ज्ञही वेगळा. दोघेही त्याला पटवतात की हेच खरं, दुसरं जग स्वप्न आहे. त्याला मात्र बरंच व्हायचं नाही, कारण बरं होणं म्हणजे दोघांपैकी एकाला कायमचं गमावणं. पोलीस मालिकेत दुःखाचा इतका नेमका विचार क्वचित दिसतो.

ही मालिका बघायची तर तयारी करून बसावं लागतं. आपण कोणत्या जगात आहोत ते मनगटावरच्या रबरबँडवरून कळतं: लाल म्हणजे बायकोचं जग, हिरवा म्हणजे मुलाचं. शिवाय बायकोच्या जगाची चित्रं उबदार, पिवळसर छटेची आहेत, मुलाच्या जगाची गार, निळसर. फोनवर नाईट मोड चालू असेल तर निळा रंग दबतो आणि दोन्ही जगं सारखीच पिवळी दिसतात. टीव्हीवर ‘व्हिव्हिड’ सेटिंग असेल तर रंग भडक होऊन हा बारीक फरक बुजतो. दोन्ही बंद ठेवा. स्वयंपाक करता करता बघायची ही मालिका नाही. एक रबरबँड नजरेतून सुटला की पुढची पाच मिनिटं चुकीच्या जगात जातात.

बिघडतं ते केसेसच्या पातळीवर. एका जगातला तपशील दुसऱ्या जगातल्या तपासाला वाट दाखवतो, ही युक्ती सुरुवातीला भावते. पण लवकरच आपलं लक्ष घरात अडकतं आणि खुनाचा तपास अडथळा वाटायला लागतो. त्यात अपघातामागच्या कटाचा धागा येतो, तो घरातल्या दोन माणसांच्या मानाने फिका आहे. शेवट उघडा आहे. ज्यांना ‘मग खरं काय होतं?’ याचं उत्तर हवंच असतं त्यांनी ‘अवेक’ घेऊ नये. शोधताना २०१२ हे साल टाका, कारण याच नावाचे सिनेमेही आहेत.

तिन्हींत कसब सगळ्यात जास्त ‘बूमटाउन’मध्ये आहे. मालिकेचा कर्ता ग्रॅहम योस्ट याने लॉस एंजेलिसमधला एक गुन्हा घेऊन तो सात जणांच्या नजरेतून दाखवला: दोन डिटेक्टिव्ह, गस्तीवरचे दोन पोलीस, सरकारी वकील, अँब्युलन्सवरची पॅरामेडिक आणि बातमीदार. नजर बदलली की पडद्यावर त्या माणसाचं नाव येतं आणि घड्याळ मागे जातं. आधी बघितलेला प्रसंग पुन्हा येतो, पण आता कॅमेरा दाराच्या दुसऱ्या बाजूला असतो. मघाशी अर्धवट ऐकलेलं वाक्य पुरं ऐकू येतं आणि ज्याला आपण उद्धट समजलो तो घाबरलेला होता हे कळतं. तपास पुढे सरकतो तो आपलं मत बदलत बदलत. सरकारी वकील डेव्हिड मॅकनॉरिस (नील मॅकडोना) या पद्धतीने फार खुलतो: बातमीदाराच्या नजरेतून रुबाबदार, स्वतःच्या नजरेतून दारूत बुडत चाललेला. पहिल्या सिझनला पीबडी हा टीव्ही-रेडिओसाठीचा अमेरिकन पुरस्कार मिळाला.

हेच बलस्थान आकड्यांना मारक ठरलं. पहिली दहा मिनिटं चुकली की प्रेक्षकाला काही उमगत नाही, आणि तेव्हा मागे जाऊन बघायची सोय बहुतेक घरांत नव्हती. सिझन पुढे सरकला तशी नजरा बदलण्याची पद्धत सैल होत गेली. दुसऱ्या सिझनमध्ये ती जवळपास गेलीच. बातमीदाराचं पात्र काढलं, पॅरामेडिकला पोलीस केलं, रविवारवरून मालिका शुक्रवारी नेली. दोन भाग दाखवून एनबीसीने ती थांबवली आणि उरलेले चार डिसेंबर २००३ मध्ये उरकून टाकले.

म्हणून आमचा सल्ला असा: ‘बूमटाउन’चे पहिले १८ भाग, म्हणजे पहिला सिझन, बघा आणि तिथेच थांबा. बहुतेक केसेस त्या त्या भागात मिटतात, त्यामुळे अधांतरी राहिल्यासारखं वाटत नाही. पुढचे सहा नाही बघितले तरी चालतं. डीव्हीडी ठरावीक प्रदेशाच्या (रीजनच्या) प्लेअरवरच चालते: पहिल्या सिझनची अमेरिकन डीव्हीडी रीजन १ ची आहे, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे. सगळ्या रीजनचा प्लेअर नसेल तर डिस्क विकत घेऊन उपयोग नाही.

एकच मालिका बघायची असेल आणि गोष्ट पुरी व्हायला हवी असेल, तर ‘शिकागो कोड’ घ्या. महिनाभर रात्रीचा एक शांत तास मिळत असेल तर ‘बूमटाउन’. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर ‘अवेक’ थोडी लांबच ठेवा, ती फार आतपर्यंत जाते.

तिन्ही झाल्यावर आणखी हवं असेल तर ‘साउथलँड’ आहे. ॲन बिडरमनच्या या मालिकेचे सात भाग एनबीसीने २००९ मध्ये दाखवले, दुसरा सिझन मागवला, सहा भाग तयार झाले आणि प्रक्षेपणाआधीच तो रद्द केला. त्या हंगामात रात्री दहाची वेळ आठवड्यातले पाच दिवस विनोदी सूत्रसंचालक जे लेनो याच्या कार्यक्रमाला दिली होती, आणि नऊच्या वेळेला ही मालिका फार काळोखी वाटली. टीएनटी या केबल वाहिनीने ती उचलली आणि २०१३ पर्यंत एकूण ४३ भाग झाले. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, शिव्यांवर बीप आहे. गस्तीच्या गाडीत ‘बूट’ हा शब्द सारखा ऐकू येतो, त्याचा अर्थ शिकाऊ पोलीस. पहिल्या सिझनमध्ये पात्रांची गर्दी आहे, तिसऱ्यापासून ती कमी होते आणि मालिका घट्ट होते.