ओपनस्टॅकच्या चाचण्या: बॅश स्क्रिप्ट सुधारायची की टेम्पेस्ट आणायचं?

ओपनस्टॅक (स्वतःचा क्लाउड उभारायचं मुक्त सॉफ्टवेअर) उभारून झालं की ते खरंच चालतंय का, हे बघायला बहुतेक टीमकडे एक बॅश स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या लिनक्स कमांडची फाइल, असते. सर्व्हर बनवा, पिंग करा, काढून टाका. ती तीनशे ओळींवर गेली की वाद सुरू होतो: हीच नीट करायची की टेम्पेस्ट, म्हणजे ओपनस्टॅकचं स्वतःचं चाचण्यांचं साधन, आणायचं? माझं मत आधीच सांगतो. बॅश आधी नीट करा, मग ठरवा. बॅशच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी चुका आपल्या लिहिण्याच्या असतात.

त्यातली सगळ्यांत घातक चूक बघा. डेव्हस्टॅक म्हणजे चाचणीसाठी ओपनस्टॅक झटपट उभारणाऱ्या स्क्रिप्ट. त्यातली मुख्य स्क्रिप्ट चालवताना लॉग जपायला तिचं आउटपुट पाइपने 'टी' कमांडला देतात; ती ते पडद्यावर दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते. स्क्रिप्ट अर्ध्यात कोसळली तरी पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो, आणि 'टी' तर व्यवस्थित संपलेली असते. सीआयवर (चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) हिरवी खूण! आमच्याकडे मोडलेली उभारणी दोन दिवस अशीच पास होत होती. सुरुवातीलाच 'एरेक्झिट' (चूक होताच थांबा) आणि 'पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर पूर्ण पाइप पडला असं धरा) हे बॅशचे दोन पर्याय चालू केले की हे थांबतं.

दुसरा दोष 'स्लीप 60'चा, म्हणजे काहीही न बघता 60 सेकंद थांबण्याचा. सर्व्हर दहाव्या सेकंदाला एररमध्ये गेला तरी स्क्रिप्ट पन्नास सेकंद नुसती बसून राहते. टेम्पेस्ट ठरल्या अंतराने स्थिती विचारतं, एरर दिसताच चाचणी पाडतं आणि मूळ सेटिंगनुसार 300 सेकंदांनी वाट बघणं सोडतं. पण असा लूप बॅशमध्येही दहा ओळींत होतो. फक्त पूर्ण तक्त्यावर ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारू नका, स्टेटसचं मूल्य तेवढं मागा.

सफाईत मात्र टेम्पेस्ट उघड पुढे आहे. नोव्हा ही ओपनस्टॅकमधली सर्व्हर बनवणारी सेवा. तिचा मूळ कोटा एका प्रोजेक्टला 10 सर्व्हरचा. दर वेळी एक सर्व्हर मागे राहिला, तर अकराव्या वेळी चाचणी कोट्यामुळे पडते आणि बोल त्या दिवशीच्या बदलाला लागतो. बॅशमध्ये 'ट्रॅप' (स्क्रिप्ट संपताना ठरलेलं काम करणारी सोय) लावून सफाई करता येते. त्याआधी कन्सोल लॉग उतरवून घ्या, नाहीतर सर्व्हरबरोबर पुरावाही जातो. टेम्पेस्टला ॲडमिनचे अधिकार दिले, तर ते चाचणीच्या प्रत्येक क्लाससाठी वेगळा प्रोजेक्ट आणि वापरकर्ता बनवतं नि शेवटी काढून टाकतं. त्यामुळे समांतर चाललेल्या चाचण्या एकमेकींच्या पायात येत नाहीत. हे बॅशमध्ये करायला गेलात तर टेम्पेस्टच नव्याने लिहीत बसाल.

टेम्पेस्टची खरी किंमत कॉन्फिगरेशनमध्ये आहे. डेव्हस्टॅक ती फाइल तयार करून देतं. स्वतःच्या क्लाउडवर इमेज, फ्लेवर (सर्व्हरचा ठरलेला आकार), बाहेरचं नेटवर्क यांचे आयडी आपण भरायचे. शिवाय टेम्पेस्ट फक्त सार्वजनिक एपीआयमधून बोलतं. सेवांमधले निरोप पोचवणाऱ्या रॅबिटएमक्यूची रांग तुंबलीय की नोडची (क्लाउडमधल्या एखाद्या मशीनची) डिस्क भरलीय, हे ते बघत नाही. तिथे बॅशच हवी.

एकच छोटा क्लाउड आणि सांभाळणारे दोघंतिघं असतील, तर सुधारलेली बॅश पुरेशी आहे. ओपनस्टॅकची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. तुम्ही नियमित अपग्रेड करत असाल तर टेम्पेस्टच्या स्मोक चाचण्या (मूलभूत गोष्टी झटपट तपासणाऱ्या) घ्या आणि नोड तपासायला बॅश ठेवा. पहिल्या निकालात पास झालेल्यांच्या आधी स्किप झालेल्यांचा आकडा वाचा. कॉन्फिगमध्ये सिंडर (व्हॉल्यूम, म्हणजे सर्व्हरला जोडायच्या डिस्क, देणारी सेवा) 'उपलब्ध नाही' असं राहून गेलं असेल, तर व्हॉल्यूमची एकही चाचणी न होता निकाल हिरवाच येतो.