वॉशिंग्टनचं एअर अँड स्पेस म्युझियम : राइट बंधूंच्या विमानासाठी तरी नक्की जा

आईबाबांना घेऊन गेलो होतो. तिकीट नाही, फक्त वेळेचा पास आधी ऑनलाइन काढावा लागला, तोही फुकट. आमच्या टूरवाल्याने सव्वा तास दिलेला आणि त्यातली चाळीस मिनिटं बाबा एकाच विमानापाशी, १९०३ चं राइट फ्लायर. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, रॉकेट-बिकेट त्यांनी लांबूनच बघितली, इथे मात्र कुठली तार कुठे जाते ते बोटाने हवेत गिरवत बसले.

मला वाटायचं इंजिन बसवलं की विमान उडालं, पण खरी गोम ते वळवण्यात आहे. सीट नाही, स्टिअरिंग नाही. खालच्या पंखावर पालथं पडायचं, डाव्या हातात लिव्हर, त्याने पुढचं एलिव्हेटर (विमानाचं नाक उचलणारी-झुकवणारी आडवी पाती) वरखाली, आणि कंबर एका लाकडी पाळण्यात. कंबर डावीकडे सरकवली की तारा ओढल्या जाऊन उजव्या पंखाची मागची कड खाली वाकते, डाव्याची वर, आणि विमान डावीकडे झुकून वळतं, म्हणजे चक्क पंखच पिळायचा!! मागचं रडरही (नाक डावी-उजवीकडे फिरवणारी उभी पाती) त्याच तारांना जोडलेलं, कारण त्यांच्या १९०२ च्या बिनइंजिनाच्या ग्लायडरची शेपूट आधी फिक्स होती आणि वळताना ते कधीकधी गिरकी घेत वाळूत जाऊन आपटायचं. पुढे १९०५ मध्ये रडरचा कंट्रोल परत वेगळा केला. पंख पिळण्याऐवजी त्याच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या, म्हणजे आयलेरॉन, सगळीकडे रुळले ते नंतर.

एलिव्हेटर पुढे असल्याने जरा हात हलला की विमान उसळायचं नाहीतर नाक खुपसायचं, म्हणून १७ डिसेंबर १९०३ चं पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट, बास. त्याच दिवशी चौथ्या खेपेला थोरला भाऊ विल्बर ५९ सेकंद, ८५२ फूट गेला.

बाबांचा आवडता भाग म्हणजे प्रोपेलरच्या चेन. "अरे ही एक क्रॉस टाकलीय बघ, म्हणजे दोन पंखे उलट फिरणार", असं इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारचे गोरे आजोबापण वाकून बघायला लागले.

दोन तास तरी हातात ठेवा, टूरवाल्याचं ऐकू नका.

रात्री हॉटेलात बाबांनी गोळ्यांचा रिकामा लांबट खोका दोन्ही टोकांना धरून पिळून आईला दाखवला, विल्बरला १८९९ मध्ये सायकलच्या ट्यूबचा खोका हातात पिळतानाच हे सुचलं होतं म्हणे. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि वर असताना कंबरेत उसण भरली तर?"