चेगारच्या लढाईचं मॉडेल: लष्कर भागातल्या एका कारागिराचं काम

आमच्या शाळेच्या इतिहास दालनासाठी यंदा सर्बियातल्या चेगारच्या लढाईचं मॉडेल करून घेतलं. पानिपत आणि हळदीघाटी आधीच होत्या. काम दिलं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका काकांना, जे एरवी गणपतीचे देखावे करतात. काम मन लावून केलेलं आहे, पैसे वसूल झाले. एक-दोन तक्रारी आहेत, त्याही लिहिते.

ही लढाई 31 मे 1809 ला निश शहराजवळच्या टेकडीवर झाली. तुर्की सत्तेविरुद्ध 1804 मध्ये काराजॉर्जेच्या नेतृत्वाखाली पेटलेल्या उठावातली ही लढाई. टेकडीवरच्या मोर्च्यात सर्बियन सरदार स्तेवान सिंजेलिच आणि त्याची सुमारे तीन हजार माणसं होती. दिवसभर हल्ले परतवले. शेवटी खंदक प्रेतांनी भरला आणि तुर्क त्यावरून चालत आत शिरले. बंदुका भरायलाही उसंत नव्हती, दस्त्यांनी आणि सुऱ्यांनी लढाई चालली. सगळं संपलं हे दिसल्यावर सिंजेलिचनं दारूच्या कोठारात पिस्तूल झाडलं. स्वतः गेला, आजूबाजूचे शत्रूही गेले.

हे ऐकल्यावर कोणीही स्फोटच दाखवला असता. काकांनी मला विचारलं, "मॅडम, हे लढत होते तेव्हा बाकीची फौज कुठं होती?" मला वाटतं, सगळं मॉडेल या प्रश्नावर उभं आहे. सर्बियन फौजेनं निशभोवती सहा मोर्चे बांधले होते आणि चेगार त्यातला एक. सेनापती मिलोये पेत्रोविच कामेनित्सा गावच्या मोर्च्यात होता. दुसरा सर्बियन सरदार पेतार दोबर्न्यात्स याला मिलोयेला मिळालेलं सेनापतिपद सलत होतं. सिंजेलिचला वेळेवर कुमक मिळाली नाही. काकांनी पाटाच्या कडेला तो कामेनित्साचा मोर्चा केला, त्यात भरलेल्या तोफा आणि टेकडीकडे बघत उभी असलेली माणसं ठेवली. मुलं सगळ्यात जास्त तिथंच थांबतात. ज्यांच्या घरी पानिपतच्या गोष्टी ऐकल्या जातात त्यांना आपसातलं भांडण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

खंदक बघण्यासारखा आहे. तारेच्या सांगाड्यावर शाडूची माणसं, जवळच्या बोटभर उंचीची आणि लांबची त्याहून लहान. गवत रंगवलेल्या भुशाचं. कोठाराचे पिंप माचीसच्या काड्यांनी बांधलेत.

शेजारी वेगळ्या पाटावर कवट्यांचा मनोरा. लढाईनंतर तुर्की सेनापती हुर्शीद पाशानं मेलेल्या सर्बांची मुंडकी सोलून कातडी पेंढा भरून इस्तंबूलला पाठवली आणि कवट्या निशजवळच्या रस्त्यावर मनोऱ्यात बसवल्या, चारही बाजूंना 14 ओळी, एकूण 952. आज 58 उरल्या आहेत. मनोऱ्याभोवती 1892 मध्ये छोटं देऊळ बांधलं. काकांनी चिकणमातीच्या गोळ्या बसवून टाचणीनं डोळ्यांच्या खोबण्या काढल्या, आणि काही खाचा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. नातेवाईक रात्री येऊन आपल्या माणसाची कवटी घेऊन जात असत, हे मी सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं. शिंद्यांच्या दत्ताजींचं शिर 1760 मध्ये बुराडी घाटावर कापून नेलं होतं, हे ग्वाल्हेरच्या मराठी घरात कोण विसरेल? काकांनी हा मनोरा करताना एकही कोपरा उरकून टाकला नाही.

आता तक्रारी. सर्बांना पहिल्यांदा सगळ्यांना एकसारखे निळे डगले घातले होते. ते शेतकरी होते, घरी विणलेल्या कपड्यांत आणि चामड्याच्या चपलांत लढले. सांगितल्यावर रंग बदलले, पण चार-पाच डगले अजून तसेच आहेत. काचेच्या पेटीची पुट्टी एका कोपऱ्यात सुटली, आणि कबूल केलेल्या तारखेपेक्षा काम उशिरा मिळालं, कारण मध्ये गणपती आले.

साडेतीन फुटांच्या पाटाचे, पेटीसकट, साडेआठ हजार घेतले. फोटो आणि नकाशा तुम्ही द्यायचा, आणि माहिती तोंडी सांगायला स्वतः जाऊन बसायचं, कारण काका प्रश्न खूप विचारतात. ऑर्डर द्यायची तर दिवाळीनंतर द्या, तेव्हा त्यांच्याकडे वेळ असतो.