लक्ष टिकवण्यासाठी प्रकाशोपचार: हेल्मेट घ्यावं, दिवा घ्यावा की सकाळी बाहेर पडावं?

कामात मन लागत नाही म्हणून प्रकाशोपचाराचं उपकरण शोधायला गेलात की दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाखाली समोर येतात. एक डोळ्यांवाटे काम करते, दुसरी कवटीवाटे.

दुसरीपासून सुरुवात करू, कारण महाग तीच आहे. कपाळावर किंवा डोक्यावर जवळ-अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना जवळपास न दिसणारा प्रकाश सोडायचा. तो पेशींमधल्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) चालना देतो आणि पेशीला जास्त ऊर्जा मिळते, असं यामागचं गृहीतक. २०१३ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ४० निरोगी माणसांवर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरला गेला. खोटा उपचार मिळालेल्यांपेक्षा खरा मिळालेल्यांचा प्रतिसाद झटपट झाला. २०२२ मध्ये ब्रिटन आणि चीनच्या संशोधकांना ९० तरुणांत कार्यकारी स्मृती (माहिती क्षणभर डोक्यात धरून ठेवायची क्षमता) थोडी वाढलेली दिसली, पण कपाळाच्या उजव्या बाजूलाच आणि १०६४ नॅनोमीटरलाच. ८५२ ला काही नाही.

गोम इथेच आहे. घरी वापरायची बरीच हेल्मेटं ८१० नॅनोमीटरच्या आसपासच्या एलईडींवर चालतात. म्हणजे प्रयोग एका प्रकाशाचा आणि विक्री दुसऱ्याची! त्यात त्वचा आणि हाड ओलांडून मेंदूपर्यंत पोचतो तो प्रकाशाचा अगदी लहानसा अंश. मध्ये दाट केस असतील तर आणखी कमी. विषय रंजक आहे, पण आज तरी मी यात पैसे घालणार नाही.

पहिली वस्तू म्हणजे तेजस्वी पांढऱ्या प्रकाशाचा दिवा. हिवाळी नैराश्यासाठी तो १९८० च्या दशकापासून वापरात आहे. सकाळी उठल्यावर १०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) देणाऱ्या दिव्यासमोर अर्धा तास बसायचं, दिव्याकडे टक लावायची नाही, पेपर वाचला तरी चालतो. डोळ्यातल्या मेलॅनॉप्सिन हे प्रकाश टिपणारं प्रथिन असलेल्या पेशी हा उजेड टिपतात आणि शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर येतात. एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अस्वस्थपणा असतो असा विकार) असलेल्या अनेक प्रौढांचं घड्याळ मुळातच उशिरा चालतं. २००६ मध्ये अशा २९ जणांवर तीन आठवडे सकाळचा उजेड वापरून पाहिला, तेव्हा ज्यांचं घड्याळ अलीकडे आलं त्यांची लक्षणं अधिक सुधारली. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून हुरळून जाऊ नका. तरी तर्क पटणारा आहे. रात्री दोनपर्यंत झोप न येणाऱ्या आणि सकाळी डोकं न चालणाऱ्या माणसाला दिव्याचा फायदा व्हायची शक्यता जास्त.

घेताना खोक्यावरचा १०,००० हा आकडा किती अंतरावरचा आहे ते बघा. छोट्या टॅबलेटएवढ्या दिव्यांत तो बहुधा वीतभर अंतरावरचा असतो. तेवढ्या जवळ नाक खुपसून कोण बसणार? आरामात मागे टेकलात की निम्माही उरत नाही. मोठं पॅनल आणि अतिनील किरण अडवणारी काच असेल तरच विचार करा. संध्याकाळी मात्र लावू नका, झोप आणखी लांबेल.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्याने आधी फुकटचा पर्याय वापरून पाहावा. फोनवर लक्समीटर ॲप घ्या. आकडा ढोबळ असतो, पण फरक कळतो: ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स, तर स्वच्छ दिवशी सावलीतसुद्धा दहा हजारांच्या घरात. आषाढातल्या ढगाळ सकाळीही बाहेर घरापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. चहाचा कप घेऊन गच्चीत बसा. लंडनला असाल तर हिशोब बदलतो. डिसेंबरात तिथे आठला उजाडतं आणि चारच्या सुमारास मावळतं. तिथे दिवा पैसे वसूल करतो.

बायपोलर आजार असेल तर सकाळच्या तेजस्वी दिव्याने उन्माद उफाळू शकतो. डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल किंवा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासारखं उजेडाची संवेदनशीलता वाढवणारं औषध चालू असेल, तरी डॉक्टरांना आधी विचारा. एडीएचडीच्या गोळ्या चालू असतील तर दिवा त्यांच्या जोडीला. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.