पेशीतल्या वाहतुकीचा चार्ट: दिसायला झकास, पण कोट काही उतरत नाही

नागपूरच्या बर्डीवर ४५० रुपयांत हा फ्लेक्सचा मोठा चार्ट घेतला, दुकानाचं नाव घेत नाही कारण बाकी सामान त्यांच्याकडे चांगलं मिळते. घरी बीएस्सीची ट्यूशन घेते, पुस्तकातलं इटुकलं चित्र दाखवून दाखवून कंटाळले होते. प्रिंट एक नंबर, मागे बसलेल्यालाही गॉल्जी (पेशीतलं प्रोटीन वाटून पुढे पाठवणारं केंद्र) दिसते, वरखाली पट्ट्या मजबूत, दिवसभर कूलरच्या हवेत फडफडतो पण फाटला नाही.

पण बाण उलटे आहेत राजेहो! ईआर म्हणजे पेशीतला प्रोटीनचा कारखाना, तिथून गॉल्जीकडे माल नेणाऱ्या व्हेसिकलवर, म्हणजे पडद्याच्या इवल्याशा पिशवीवर, कॉप-टू नावाच्या प्रोटीनांचा कोट असतो, अन् गॉल्जीतून चुकून पुढे आलेलं ईआरचं प्रोटीन परत आणते ती कॉप-वनवाली. यांनी नेमकी अदलाबदल केली.

ते एकवेळ चालवून घेतलं असतं, पण व्हेसिकल गॉल्जीला चिकटतानाही कोट अंगावरच! अरे बाप्पा, कोट उतरला नाही तर पडद्याला पडदा भिडणार कसा? सार-वन नावाचं प्रोटीन जीटीपी (ऊर्जा देणारा रेणू) घेऊन ईआरच्या पडद्यावर बसते, ते सेक-२३/२४ या प्रोटीनजोडीला ओढून आणते, त्याच्यावर बाहेरून सेक-१३/३१ ची जाळी बसते, पडदा वाकतो अन् ६० ते १०० नॅनोमीटरची पिशवी सुटते, मग जीटीपी फुटलं की कोट गळतो, अन् मजा म्हणजे ते फोडायला सेक-२३ स्वतःच हातभार लावते. तुकडे पुन्हा कामाला. मी पोरांना सांगते, लग्नातला भाड्याचा कोट आहे हा, मांडवापुरता घालायचा, उद्या दुसऱ्या नवरदेवाच्या अंगावर. तर एक पोरगी म्हणते, मॅडम, चित्रात तर घातलेलाच आहे. काय बोलणार.

कोपऱ्यात आजारांची चौकट आहे ती मात्र बरोबर निघाली. सेक-२३बी (सेक-२३ चाच एक प्रकार) च्या जीनमध्ये बिघाड झाला की सीडीए टाइप टू नावाचा ॲनिमिया होतो, आपल्या विदर्भात सिकलसेल सगळ्यांना माहीत, हा वेगळा. पण ३०० नॅनोमीटर लांबीचं प्रोकोलॅजन (कातडी-हाडांतल्या कोलॅजनचं कच्चं रूप) एवढ्याशा पिशवीत मावते कसं, हा माझा लाडका प्रश्न, त्याचा कुठं मागमूस नाही.

बदलून मागितला तर दुकानदार म्हणे, मॅडम, जायचा यायचा रस्ता तर एकच ना, बाण इकडचा काय अन् तिकडचा काय. शेवटी स्टिकर चिकटवून मार्करनं बाण फिरवले, कोट व्हाइटनरनं खोडायला गेले तर गॉल्जीवरच पांढरे डाग पडले. ५ पैकी २ स्टार, त्यातला एक पट्ट्यांचा.